पंधरा आकडी नंबर, एक फाइल आणि कोकणातला पाऊस

भारतात सर्व्हिस डॉगची, म्हणजे दिव्यांगाच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याची, सरकारी नोंदवही नाही. हे पहिल्याच ओळीत सांगतोय, कारण एवढं कळेपर्यंतच लोकांचे बरेच महिने आणि बरेच पैसे जातात. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नावानिशी दिले आहेत, पण दिव्यांगाच्या मदतीला असलेल्या कुत्र्याची नोंद कोणत्या टेबलावर करायची, ते त्यात नाही. त्यामुळे रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातल्या एखाद्या कचेरीत जाऊन "आमच्या कुत्र्याची सर्व्हिस डॉग म्हणून नोंद करा" म्हटलं, की कारकून दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो आणि ती खिडकी तिसरीकडे. यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडे तसा नमुनाच नसतो.

याचाच फायदा घेऊन इंटरनेटवर कार्ड विकणारे बसले आहेत. नाव, फोटो आणि पैसे पाठवले की घरबसल्या चकचकीत कार्ड, बिल्ला आणि 'आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक' येतो. बहुतेक कार्डं अमेरिकी धाटणीची असतात, आणि खुद्द अमेरिकेतही सरकारी नोंदणी नाही. तिथल्या कायद्यानुसार दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कार्ड मागता येत नाही आणि कुत्र्याच्या अंगावर जाकीट असायलाच हवं, असंही नाही. तेव्हा हे पैसे वाचवा. त्यात कुत्र्याची चिप, वर्षाच्या लसी आणि एक चांगला हार्नेस (छाती-पाठीवर बांधायचा पट्टा) बसतो.

मग आपल्याकडे नोंदणी म्हणजे काय? चार वेगळ्या ठिकाणी चार वेगळे कागद करायचे आणि ते एका नंबराने एकमेकांना बांधायचे. माणसाचं दिव्यांगत्व, कुत्र्याची ओळख, कुत्र्याचं आरोग्य आणि कुत्र्याचं काम. हे चारही कागद देणाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, तो आपल्याला जोडावा लागतो. जोडणारा दुवा म्हणजे कुत्र्याच्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर. हा नंबर प्रत्येक कागदावर असेल, तर गेटवरच्या माणसालाही फाइल पटते. नसेल, तर चारही कागद खरे असून "हा तोच कुत्रा कशावरून?" या एका प्रश्नाला उत्तर राहत नाही. आम्ही कोकणात ही कागदपत्रं केली, तेव्हा सर्वांत जास्त फेऱ्या क्रम चुकल्यामुळे झाल्या. म्हणून खाली तोच क्रम देतोय.

सुरुवात माणसाच्या कागदापासून, म्हणजे यूडीआयडी या दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रापासून. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, तपासणीचं रुग्णालय निवडायचं आणि बोलावतील त्या दिवशी मूळ आधार व जुने वैद्यकीय कागद घेऊन जायचं. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय, सिंधुदुर्गात ओरोस, रायगडात अलिबाग. कानाच्या तक्रारीसाठी बेरा ही ऐकू येण्याची चाचणी लागते. ती त्याच दिवशी, त्याच जागी होईल असं धरून चालू नका. आधी फोन करून विचारा, नाहीतर दापोली-मंडणगडच्या माणसाचा अख्खा दिवस नुसत्या प्रवासात जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. आता दिव्यांगत्व ४० टक्क्यांखाली असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं कार्ड मिळतं, आणि ते देण्याची मुदत तीन महिने आहे. म्हणजे कुत्र्याचं शिक्षण सुरू करायच्या आधीच हा अर्ज टाकलेला बरा.

नावाचं स्पेलिंग आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षर, एवढ्यावरही पुढे अडतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते: मधुमेह त्या २१ प्रकारांत नाही. साखर उतरली की सूचना देणारा कुत्रा मधुमेही माणसाचा जीव वाचवू शकतो, पण निव्वळ मधुमेहावर यूडीआयडी मिळत नाही. अशा वेळी तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र हाच आधार, आणि कायद्याचा जोर कमी आहे हे धरूनच पुढची तयारी करावी लागते.

दुसरा टप्पा चिपचा, आणि ती लसींच्या आधी. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. आत बॅटरी नाही, त्यामुळे ती कुत्रा कुठे आहे ते दाखवत नाही. स्कॅनर जवळ आला, की त्याच्याच लहरींवर जागी होऊन ती आपला नंबर सांगते, बस्स. घेताना आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झची घ्या, म्हणजे कुठलाही प्रमाणित स्कॅनर ती वाचेल. पहिले तीन आकडे देशाचे किंवा बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ३५६ असेल तर तो भारताचा संकेतांक, ९०० च्या पुढचा असेल तर कंपनीचा. दोन्ही चालतात.

टोचताना समोर उभं राहून बघा. डॉक्टरांनी चिप पाकिटात असतानाच एकदा वाचायला हवी आणि पाकिटावरच्या नंबराशी ताडायला हवी. मग दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत उचलून जाड सुईने आत सोडायची, सुई काढल्यावर तिथे बोट दाबून ठेवायचं आणि लगेच पुन्हा वाचायची. सुई काढताना चिप कधी कधी केसांबरोबर बाहेर येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे वाचताना स्कॅनर मानेपासून पाठीकडे सावकाश, नागमोडी फिरवायचा आणि दोन्ही खांद्यांवरून खाली कोपरापर्यंत न्यायचा, कारण चिप कातडीखाली घसरते. दोन सेकंद मानेवर धरून "चिप नाही" म्हणणारे खूप भेटतात. त्यांना नम्रपणे पुन्हा फिरवायला सांगा.

पाकिटासोबत बारकोडची स्टिकरं येतात. पहिलं लसीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आणि त्यावर पारदर्शक टेप. टेप नसेल तर जुलैपर्यंत स्टिकर सुटून पडतं, आणि पुस्तकातला शाईचा नंबर ओलाव्याने फुटलेला असतो. इतर कागदांवर नंबर हातानेच लिहावा लागतो, तेव्हा तीन-तीन आकड्यांचे पाच गट करा. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. आमच्या एका दाखल्यात शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते आणि तो दाखला पुन्हा करावा लागला.

चिप टोचली म्हणजे काम झालं, असं नाही. तो नंबर कंपनीच्या नोंदणीपानावर आपल्या नाव-फोनसकट चढवावा लागतो. चढवला नाही तर सापडलेल्या कुत्र्याचा नंबर मिळतो, पण मालक मिळत नाही. शिवाय तालुक्याच्या गावी स्कॅनर असेलच असं नाही, म्हणून गळ्यात फोन नंबर कोरलेला स्टीलचा बिल्ला हवाच.

लसींमध्ये नेहमीचं वेळापत्रक चालतं. सहा-आठ आठवड्यांपासून एकत्रित लसीचे डोस, तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीज, पुढे दरवर्षी. चिप आधी का, त्याचं कारण इथे आहे. परदेश प्रवासासाठी चिपच्या आधी घेतलेली रेबीजची लस बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, ती नव्याने घ्यावी लागते. गावात राहणाऱ्यालाही चिपचा नंबर असलेल्या पानावरच लसीची नोंद व्हावी, हे सोयीचं. प्रत्येक नोंदीत लसीचं नाव, बॅचचं स्टिकर, तारीख, पुढची तारीख, सही आणि पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक हवा. हा नोंदणी क्रमांकच सर्वांत जास्त वेळा राहतो. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला मोफत शिबिरं होतात. ती चांगलीच आहेत, पण गर्दीत बॅच लिहायची राहून जाते. तिथून पुस्तक पूर्ण भरल्याशिवाय निघू नका.

सही कोणाची, हेही पाहा. दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी आहेत की पदविकाधारक पर्यवेक्षक, ते आधी विचारायचं. पर्यवेक्षक अनुभवी असतात, गावोगाव तेच धावून येतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार आरोग्याच्या दाखल्यावर नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच सही चालते. इतर कोणाची सही असलेला दाखला रेल्वेच्या खिडकीवर परत आला, तर त्या दिवशी प्रवास होत नाही.

कोकणात लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, विसरून चालत नाही. भातलावणीच्या दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गात माणसांना लेप्टो होतो, आणि आंधळ्या माणसाला घेऊन जाणारा कुत्रा त्याच चिखलातून, त्याच पाणंदीतून चालतो. एकत्रित लसीत लेप्टो आहे ना, ते खोक्यावर वाचा. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून एप्रिलच्या शेवटाला सुरुवात करा, म्हणजे पहिल्या पावसाआधी दोन्ही होतात. गोचिडांचं औषध महिन्याच्या महिन्याला. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून गोचिडांतून पसरणारा माकडताप आहे. तिथे कुत्र्याच्या अंगावरचा गोचीड घरात येणं हा माणसांनाही धोका आहे. रोज रात्री कानाच्या मागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघायचं. आणि हा कुत्रा रात्री घरातच झोपला पाहिजे. खळ्यात किंवा पडवीत बांधलेला कुत्रा बिबट्या नेतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको, पण दोन वर्षं शिकवलेला कुत्रा एका रात्रीत गेल्याची गोष्ट पुन्हा ऐकायची वेळ येऊ नये.

आता स्थानिक कागद, तो कुत्र्याच्या ओळखीचाच भाग. शहरात नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या आरोग्य विभागात पाळीव कुत्र्याच्या परवान्यासाठी अर्ज, फोटो, रेबीजची नोंद आणि राहत्या घराचा पुरावा द्यायचा. फी जागेप्रमाणे वेगळी असते. खेड्यात ग्रामपंचायतीकडे छापील नमुना नसतो, तेव्हा आपणच मजकूर तयार करून न्यावा: अमुक घर क्रमांकात अमुक चिप नंबरचा, अमुक रंगाचा कुत्रा राहतो आणि तो अमुक दिव्यांग व्यक्तीच्या मदतीसाठी आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक घ्या. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचा सल्ला बरेच जण देतात. त्याने खर्च वाढतो, कागदाचं वजन वाढत नाही.

हा कागद अलीकडे फार महत्त्वाचा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांमधून भटके कुत्रे हटवण्याचा आदेश दिला. तो बेवारस कुत्र्यांबद्दल आहे, मालक सोबत असलेल्या कुत्र्याबद्दल नाही. पण रुग्णालयाच्या दारातल्या रखवालदाराला वरून एवढंच सांगितलेलं असतं की आत कुत्रा दिसता कामा नये. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा पट्टा, बिल्ला आणि शिक्क्याचा कागद एकदम पुढे करावा.

चौथा कागद कामाचा, आणि खरा कस इथेच लागतो. घरात सोबत करणारा, मन रमवणारा कुत्रा आणि सर्व्हिस डॉग यांत फरक एकच: दिव्यांगत्वामुळे जे जमत नाही, ते काम कुत्र्याला शिकवलेलं असलं पाहिजे. असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल या जागतिक संघटनेच्या मानकात किमान तीन कामं धरली आहेत. आपल्यावर ते बंधन नाही, पण माप म्हणून चांगलं आहे. केनेल क्लबचा दाखला इथे उपयोगी नाही. तो जात आणि वंश सांगतो, काम सांगत नाही.

काम मोघम लिहू नका. 'मालकाला मदत करतो' हे वाक्य फुकट गेलं. 'पाखाडीच्या पहिल्या पायरीला थांबतो आणि हार्नेसचं हँडल हलल्याशिवाय पुढे जात नाही' हे काम झालं. 'साकवाच्या तोंडाशी आडवा उभा राहतो', 'गडग्यावरून आलेली काजूची फांदी डोक्याला लागेल अशी असेल तर वळसा घालतो', 'कुकरची शिट्टी झाली की गुडघ्याला पंजा लावून स्वयंपाकघरात नेतो', 'व्हीलचेअरवरून पडलेली किल्ली उचलून मांडीवर ठेवतो' असं लिहायचं. यातलं फांदीचं काम सर्वांत अवघड. कुत्रा स्वतः खालून सहज जातो, त्यामुळे माणसाच्या उंचीचा विचार त्याला मुद्दाम शिकवावा लागतो. वहीत रोज तारीख, जागा, काम, किती वेळा सांगितलं आणि किती वेळा बरोबर झालं, एवढं लिहा. चुकलेलंही लिहा. सगळं शंभर टक्के असलेली वही कोणालाच खरी वाटत नाही.

परीक्षा कुठे घ्यायची? मॉल आपल्याकडे फारसे नाहीत, आणि ते बरंच आहे. आपल्याकडे मासळी बाजार आहे. ओल्या फरशीवर बांगड्याची डोकी पडलेली, मांजरं पायात, कोळणींची हाक आणि बाजूला गावठी कुत्र्यांचा कळप. तिथून नाक खाली न घालता जो सरळ चालेल, तो कुठेही चालेल. दुसरी जागा एसटी स्टँड. फलाटाला उलटी येणारी बस, ध्वनिक्षेपक, गर्दीत शेपटीवर पडणारे पाय. तिसरी जागा फेरीबोट. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या बोटीचा लोखंडी उतार हलतो, आवाज करतो आणि ओला असतो. बरेच कुत्रे तिथे पहिल्यांदा बसकण मारतात. ओढू नका. गाड्या उतरून गेल्यावर, रिकाम्या बोटीवर चार-पाच दिवस सवय करा. आणि शिमगा येईपर्यंत कुत्रा पूर्ण तयार झाला असं समजू नका. पालखीपुढचा ढोल अगदी जवळ वाजतो, तेव्हा घरी शांत असलेला कुत्राही हार्नेससकट पळायला बघतो. लांबून सुरुवात करून रोज थोडं अंतर कमी करत जायचं.

प्रत्येक जागेची तीन-चार मिनिटांची चित्रफीत ठेवा, मध्ये कुठेही न कापलेली. सुरुवातीला कुत्र्याच्या मानेवरून स्कॅनर फिरवून पडद्यावरचा नंबर दाखवा, मग तसाच कॅमेरा चालू ठेवून काम. वही, पत्र आणि चित्रफीत, तिन्हींत एकच नंबर आला की शंका घ्यायला जागा राहत नाही. प्रशिक्षकाच्या पत्रात शिक्षणाचा काळ, शिकवलेली कामं, चाचणीच्या जागा आणि तारखा, चिप नंबर व हँडलरचा, म्हणजे कुत्रा वापरणाऱ्या दिव्यांग व्यक्तीचा, यूडीआयडी क्रमांक हवा. घरीच शिकवलं असेल तर ते लपवू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या तज्ज्ञाला चाचणी बघायला बोलवा आणि त्यांनी जे पाहिलं त्याचं पत्र घ्या. डॉक्टरांचं पत्र तीन ओळींचं पुरे: या व्यक्तीला चालताना, ऐकताना किंवा वस्तू उचलताना मदत लागते आणि हा कुत्रा ती देतो. आजाराचा पूर्ण इतिहास हॉटेलच्या गल्ल्यावर दाखवायची कोणावर वेळ येऊ नये.

एवढं झाल्यावर कार्ड स्वतः छापा. एका बाजूला माणूस व कुत्र्याचा हार्नेस घातलेला फोटो, चिप नंबर, यूडीआयडी क्रमांक, 'प्रशिक्षित मदतनीस कुत्रा' आणि फोन, तेही मराठी व इंग्रजी दोन्हींत, कारण रेल्वेत आणि विमानतळावर मराठी न वाचणारेही भेटतात. मागे 'काम चालू असताना हात लावू नये, खायला देऊ नये', आणि रेबीजची मुदत बदलता येईल अशा छोट्या स्टिकरवर. 'सरकारमान्य' हा शब्द घालू नका आणि अशोकस्तंभ तर अजिबात नको. राजमुद्रेचा असा वापर २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि एक खोटा शब्द बाकीचे सगळे खरे कागद संशयात आणतो. कार्ड पीव्हीसीचं करा. कागद लॅमिनेट केला तर कडेने ओलावा शिरतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोटोवर काळे ठिपके येतात.

हार्नेसचंही तसंच. चामड्याचा हार्नेस हाताला छान लागतो, पण श्रावणापर्यंत त्यावर हिरवी बुरशी धरते. नायलॉनच्या पट्ट्याचा घ्या. कड्या ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या, कारण खाऱ्या हवेत साध्या कड्या महिन्याभरात गंजतात आणि क्लिप ऐन वेळी उघडत नाही. दोन हार्नेस ठेवून आलटून पालटून वापरा. ओला पट्टा छातीवर राहिला की खालचे केस जाऊन लाल चट्टे येतात, आणि मग आठ-दहा दिवस कुत्रा कामाला मिळत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर पट्टा गोड्या पाण्यात बुडवून काढायचा. आणखी एक साधी गोष्ट: रेनकोट घातला की हार्नेसवरची पाटी झाकली जाते. म्हणजे चार महिने कुत्रा बिनओळखीचा फिरतो. पाटी रेनकोटवरही शिवून घ्या, चमकणाऱ्या पट्टीसकट.

वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यावर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत घरटी असतात. तिथे सर्व्हिस डॉगलाही मोकळा सोडायचा नाही, आणि सांगण्याआधीच पट्टा आखूड धरायचा. उन्हात जांभ्याच्या चिऱ्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही त्यावर चालवू नका.

प्रवासासाठी प्रत्येक ठिकाणी आधी पत्र द्यावं. एसटीच्या विभाग नियंत्रकांना: रत्नागिरीची कचेरी रत्नागिरीत, सिंधुदुर्गची कणकवलीला, रायगडची पेणला. सोबत चारही कागदांच्या प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का. उत्तर आलं नाही तरी वाहकाला शिक्क्याची प्रत दाखवली की बोलणं सोपं होतं. उत्तर हवंच असेल तर महिन्याभराने माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, आपल्या पत्रावर काय कार्यवाही झाली ते विचारा. बसमध्ये कुत्रा पायाखाली, शेपटी आत, वाट मोकळी. हे त्याला घरच्या बाकाखाली आधी शिकवा.

रेल्वेत लक्षात ठेवायचं, की रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि पुढे कोकण रेल्वे. पत्र दोघांनाही. कुत्रा सोबत न्यायचा तर फक्त फर्स्ट एसीच्या कूपेत (दोन बर्थच्या खोलीत) किंवा केबिनमध्ये. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार यांत नाही. म्हणून जनशताब्दी बाद, आणि कोकणकन्येसारखी फर्स्ट एसी असलेली गाडी धरावी. चार बर्थच्या केबिनमध्ये सहप्रवाशाने हरकत घेतली, तर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत हलवतात आणि पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे सोबत्यासह दोन तिकिटं काढून, आरक्षण होताच कूपेसाठी लेखी अर्ज द्यायचा. अंध आणि अस्थिव्यंग प्रवाशाला व त्याच्या सोबत्याला फर्स्ट एसीत ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा येत नाही. कुत्र्याची पावती पार्सल ऑफिसातून लगेजच्या दराने. तीन तास आधी पोचा, लसीचं पुस्तक आणि प्रवासाआधीच्या एक-दोन दिवसांतला आरोग्य दाखला घेऊन. लहान स्थानकांवर पार्सल ऑफिस नसतं, गाडीही जेमतेम थांबते. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळसारख्या स्थानकावरून चढा. विमानाचं म्हणाल तर तिकिटाआधी कंपनीकडून लेखी होकार घ्या आणि मदतीची सूचना किमान ४८ तास आधी द्या.

नकार येतोच. हॉटेलवाले अन्न सुरक्षेच्या नियमांतल्या अनुसूची ४ चा आधार घेतात. तिचा रोख अन्न बनवण्या-हाताळण्याच्या जागेवर आहे, पडवीतल्या टेबलावर नाही, हे शांतपणे सांगता येतं. तरीही नकारच असेल, तर तारीख, वेळ, जागा आणि त्यांचे नेमके शब्द लिहून ठेवा आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. तक्रारीत 'कुत्र्याला आत घेतलं नाही' असं मांडू नका. 'दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय नाकारली' असं मांडा. कायद्यात कुत्रा नाही, पण वाजवी सोय कलम २ आणि कलम ३ मध्ये आहे, आणि ती त्या त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे द्यायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

फाइल दरवर्षी मे महिन्यात उघडायची. लेप्टोचा डोस, रेबीजची तारीख, चिप वाचून बघणं, फोन नंबर बदलला असेल तर नोंदणीपानावर दुरुस्ती, हार्नेसच्या शिवणी आणि वजन. दमट हवेत लॅब्राडोर कमी चालतो आणि पटकन सुटतो. वजन वाढलं की सांधे आधी जातात. आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान कामातून सोडायची वेळ येते. तेव्हा कार्डाचा कोपरा कापून वहीत तारीख घाला, एसटी आणि रेल्वेला दिलेल्या पत्रांचा हवाला देऊन तसं कळवा, आणि ग्रामपंचायतीचा कागद तसाच राहू द्या, कारण कुत्रा त्याच घरात राहणार आहे. नव्या कुत्र्यासाठी जुन्या फाइलमधला यूडीआयडीचा कागद तेवढा पुढे येतो. बाकी सगळं नव्या चिपपासून.